पोथी ऐकणारे आणि पुस्तक वाचणारे
(हरिहरेश्वर येथें वाचकांच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या सभेपुढचा प्रश्न वरवर लहान आहे. आपल्यांतील कांहीं लोकांनीं वर्गणी काढून गांवांत पुस्तकांचें एक कपाट भरावयाचें योजिलें आहे, आणि त्यांत कोणतीं पुस्तकें घ्यावींत व कोणतीं घेऊं नयेत यावरून दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, हें क्षेत्राचें ठिकाण; दक्षिण काशी म्हणून लांबलांबचे लोक येथें येतात; पेशव्यांचें हें कुलदैवत. येथें पोथ्यापुराणें असावींत, 'गुलामगिरी'सारखें पुस्तक येथें शोभत नाहीं. दुसरा तट आपल्या तरुण पोरांचा आहे. तीं म्हणतात, ब्राह्मणानें लिहिलेलें एकहि पुस्तक आपल्या पैशानें घ्यावयाचें नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचेंच ऐकत आलों, आतां पुरे झालें. दोन्ही तटांनीं मला आपापल्या बाजूनें बोलण्याचा आग्रह केला. मी कोणाचीच वकिली करणार नाहीं. आजवर जीं पुस्तकें वाचलीं त्यांतल्या थोड्यांविषयीं माझें स्वतःचें मत काय झालें, तेवढें सांगणार आहें. तें कोणाला रुचेल, कोणाला झोंबेल. ज्याला झोंबेल त्यानें तें पुस्तक स्वतः वाचून मला खोडून काढावें, म्हणजे माझें बोलणें फुकट गेलें नाहीं असें मी समजेन.

मी पंडित नाहीं. परंतु पुस्तकाबद्दल मत देण्यास पंडित असावें लागतें, ही समजूतच आपल्या समाजाला भोंवली आहे. आपल्या वाडवडिलांच्या वांट्याला पुस्तक आलें तें कानावाटें. श्रावणांत पोथी लागावी, वाचणारानें वाचावी, आपण हात जोडून ऐकावी, आणि समाप्तीला पोथीपुढें फूल व पैसा ठेवून घरीं यावें. त्यांतलें काय पटलें आणि काय खटकलें, हें आपल्याला कोणी विचारलें नाहीं आणि आपणहि बोललों नाहीं. अक्षर शिकूं नये ही पहिली बेडी, आणि अक्षर आलें तरी मत देऊं नये ही दुसरी. पहिली बेडी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा घालून तोडण्यास आरंभ केला. दुसरी अजून पुष्कळांच्या पायांत आहे, आणि ती शिकल्यासवरलेल्यांच्या पायांतहि आहे, म्हणून मला तिची जास्त काळजी वाटते.

आधीं पोथीचेंच घेतों. श्रीधरस्वामींनीं १७१८ सालीं रचलेलें 'शिवलीलामृत' आपल्या घरोघरीं आहे. त्याची भाषा गोड व सोपी आहे, आणि संस्कृत न कळणाऱ्या बायाबापड्यांना कथा कळाव्या म्हणून ती मराठींत आणली, हें मोठें काम आहे. व्याधाच्या कथेंत हरिणी शब्द देऊन जाते आणि पाडसांना भेटून मरणाला परत येते, ती जागा मला अजूनहि फार आवडते. दिलेला शब्द पाळणें म्हणजे काय हें शिकवावयास तिच्याहून चांगली गोष्ट मला माहीत नाहीं. परंतु तीच पोथी वाचल्यानें अमुक रोग जातो, तमुक फळ मिळतें, असेंहि सांगते. हें मला पटत नाहीं. फळाच्या आशेनें वाचणारा माणूस अर्थ पाहत नाहीं, अध्याय मोजतो. अकरावा अध्याय रोज म्हणणाऱ्या कित्येकांना त्यांत कोणाची कथा आहे हें विचारून पाहा. पोथी कपाटांत ठेवावी. पण ती वाचल्यावर चार प्रश्न विचारण्याची मुभाहि तिच्याबरोबर ठेवावी.

आतां ज्या पुस्तकावरून एवढा गलका झाला त्या 'गुलामगिरी'कडे वळतों. जोतीरावांनीं हें पुस्तक १८७३ सालीं काढलें, आणि त्याच वर्षीं २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन केला. अमेरिकेंत गुलामांना मुक्त करण्यासाठीं झटणाऱ्या सज्जनांना तें अर्पण केलेलें आहे. पुण्याच्या माळ्यानें सात समुद्रांपलीकडच्या हबशी गुलामाचें दुःख ओळखलें आणि आपल्या शूद्रातिशूद्रांचें दुःख त्याच्याशेजारीं ठेवलें, ही दृष्टि त्या काळीं आपल्याकडे किती जणांना होती? तरुणपणीं, १८४७ च्या सुमारास, त्यांनीं थॉमस पेन या ग्रंथकाराचें माणसाच्या हक्कांवरील पुस्तक वाचलें होतें. एक पुस्तक एका माणसाच्या हातीं पडलें, त्याचा हा परिणाम!

पुस्तक धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपानें लिहिलेलें आहे. मत्स्य, कच्छ, वराह या अवतारांची त्यांनीं जी उलगड केली ती इतिहास म्हणून आज जशीच्या तशी टिकत नाहीं, असें माझें मत आहे. आपल्या पोरांना हें ऐकून राग येईल. पण जोतीरावांनींच आपल्याला शिकविलें कीं कोणाचाहि शब्द तपासल्याशिवाय घेऊं नये. मग त्यांचा तेवढा न तपासतां घेणें हा त्यांचाच अपमान नाहीं काय? त्या पुस्तकाचें मोल निराळ्या ठिकाणीं आहे. आपण कोंकणी माणसें परशुरामाच्या भूमींत राहतों असें लहानपणापासून ऐकतों. समुद्र हटवून ही जमीन त्यानें मिळविली म्हणतात. जोतीरावांनीं काय केलें? परशुराम चिरंजीव आहे ना, मग त्यानें मुदतींत हजर व्हावें, असा जाहीरनामाच त्याच्या नांवानें पुस्तकांत घातला. हंसूं येतें, पण हंसतां हंसतां मनांत येतें कीं हा प्रश्न आपल्याला कधीं कां सुचला नाहीं? जमीन समुद्रांतून कोणीं काढली हें सांगणाऱ्या कथा आपल्याला पाठ आहेत. त्या जमिनीला बांध कोणीं घातले, खारें पाणी कोणीं अडविलें, हें सांगणारी कथा एकहि नाहीं. म्हणून क्षेत्राच्या गांवीं हें पुस्तक पहिल्यानें हवें. जेथें दिवा तेथेंच त्याच्याखालीं अंधार असतो.

'शेतकऱ्याचा असूड' मला 'गुलामगिरी'पेक्षांहि थोर वाटतो. तें पुस्तक १८८३ सालीं पुरें झालें. शेतकऱ्याच्या घराचें, त्याच्या भाकरीचें, त्याच्या कर्जाचें जें वर्णन त्यांत आहे तें घरांत जाऊन बसलेल्या माणसाचें आहे. नुसतें रडगाणें नाहीं. ओढ्यानाल्यांना बांध घाला, सरकारच्या पलटणींना व पोलिसांना त्या कामाला लावा, जनावरांची पैदास सुधारा, अशा सूचना आहेत. आतां एक कडू गोष्ट सांगतों. यांतलीं पहिलीं दोन प्रकरणें नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधु'नें छापलीं आणि पुढचीं छापावयाचें थांबविलें. जोतीरावांच्या हयातींत तें पुस्तक म्हणून बाहेर पडलें नाहीं. म्हणजे सत्य छापतांना कचरणारे केवळ दुसऱ्या गोटांत होते असें नाहीं. आपल्या चळवळीच्या इतिहासांत हेंहि लिहिलेलें असावें.

'असूड' मात्र घाटावरच्या शेतकऱ्याचा आहे. आपला परिसर १९४८ सालपर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानांत होता. येथील भातखाचरें, वरकस जमिनी, नारळी-पोफळीच्या वाड्या, मचवे आणि मुंबईला गेलेले चाकरमानी यांचा 'असूड' कोणीं लिहिला? ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ आपल्या किनाऱ्यावर आलें आणि उभ्या वाड्या आडव्या झाल्या. वाडीच्या मालकाच्या नुकसानीचा पंचनामा होतो. पण पोफळीवर चढून सुपारी उतरविणारा जो गडी, त्याचें झाड गेलें नाहीं, रोजी गेली. त्याचें नांव कोणत्या कागदावर येतें? जोतीराव असते तर आधीं त्याच्याकडे गेले असते. आपल्यांतल्या ज्या मुलाला लिहितां येतें त्यानें हें काम अंगावर घ्यावें.

आपल्याच बाजूच्या आणखी एका पुस्तकाविषयीं बोलतों. दिनकरराव जवळकर यांचें 'देशाचे दुश्मन' १९२५ सालीं निघालें आणि त्यावर खटला होऊन मोठी खळबळ उडाली. अपिलांत जवळकर-जेधे मंडळींचा बचाव बॅरिस्टर आंबेडकरांनीं केला व ते सुटले. पुण्यांत आपल्या लोकांना कोण काय बोलत होतें हें ध्यानांत घेतलें म्हणजे जवळकरांचा संताप समजतो, आणि त्यांच्या लेखणीची धारहि मला मान्य आहे. तरी माझें मत असें कीं 'असूड' मी चार वेळां वाचला आणि 'देशाचे दुश्मन' एकदांच. शिवीनें टाळी मिळते, पण टाळी वाजविणाऱ्याच्या घरांत त्यानें भाकर शिजत नाहीं. आपल्या पोरांनीं दोन्ही वाचावींत आणि कशानें आपली समजूत वाढली तें स्वतःशीं ठरवावें.

आतां त्या पोरांना जें मुळींच नको आहे तें पुस्तक. आपल्याच जिल्ह्यांत, पेण तालुक्यांत, वरसई म्हणून गांव आहे. तेथील विष्णुभट गोडसे नांवाचे भिक्षुक डोक्यावरचें कर्ज फिटावें म्हणून दक्षिणेच्या आशेनें उत्तर हिंदुस्थानांत गेले, आणि १८५७ च्या बंडांत सांपडले. झांशीला वेढा पडला तेव्हां ते त्या शहरांत होते. परत आले तेव्हां जमविलेला पैसा हातीं राहिला नव्हता, खांद्यावर गंगेची कावड तेवढी होती. पुढें त्यांनीं हें सारें लिहून काढलें आणि १९०७ सालीं चिंतामणराव वैद्यांनीं 'माझा प्रवास' या नांवानें तें छापलें.

भटाचें पुस्तक म्हणून हें बाजूला सारावें काय? मी म्हणतों, अवश्य घ्यावें. गोडसे भटजींना विटाळचांडाळ गृहीत आहे, दानदक्षिणेचें जग गृहीत आहे. तेथें माझें त्यांचें जमत नाहीं. पण भीति वाटली तेथें भीति वाटली असें ते लिहितात, भूक लागली तेथें भूक. मोठेपणाचा आव त्यांत नाहीं. पोटासाठीं घर सोडणारा कोंकणी माणूस कसा असतो, हें मुंबईच्या गाडीला लटकून गेलेल्या आपल्या माणसांना त्यांत ओळखूं येईल. आणखी एक गंमत पाहा. वैद्यांनीं १९०७ सालीं छापतांना मूळ लिखाणांत पुष्कळ फेरफार केले. मूळ बखर दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं छापली, तेव्हां भटजींचे स्वतःचे शब्द लोकांना मिळाले. म्हणजे सुधारून, पुसून, झांकून सांगण्याची खोड अशी आहे कीं तींतून भिक्षुकाचें पुस्तकहि सुटलें नाहीं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कारटें, हा न्याय पुस्तकांना लावूं नये.

दोन पुस्तकें जोडीनें वाचावयाचीं असतील तर मी त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गांवगाडा' आणि दया पवार यांचें 'बलुतं' सांगेन. 'गांवगाडा' १९१५ चा. आत्रे महसुलाच्या नोकरींतले. गांव, वतनदार, बलुतेदार, फिरस्ते यांची जी माहिती त्यांनीं दिली तितकी बारीक माहिती दुसरीकडे मिळणें कठीण. शेतकऱ्याविषयीं त्यांना कळवळा आहे. पण खळ्यावर उभ्या असलेल्या बलुतेदाराकडे ते शेतकऱ्याच्या पाठीवरचें ओझें म्हणून पाहतात. 'बलुतं' १९७८ चें. खळ्यावर ज्याला हात पसरावा लागला, त्या घरांत जन्मलेला माणूस तेथें बोलतो. शब्द एकच, पण एकानें तो धान्याच्या मापांत मोजला आणि दुसऱ्यानें अपमानाच्या. आपल्यांतल्या कुणबी-मराठ्यांना, माळ्या-आगऱ्यांना हें पुस्तक वाचतांना जड जाईल, कारण त्यांत आपल्यावर वरून पडलेल्या लाथेची गोष्ट नाहीं, आपण खालीं मारलेल्या लाथेची आहे. ब्राह्मणेतर म्हणून ज्यांनीं एका पायरीवरचा अन्याय ओळखला त्यांनीं आपल्या पायाखालची पायरीहि पाहिली पाहिजे. नाहींतर आपली चळवळ शिडीवर एक पायरी वर सरकण्याची धडपड ठरेल, आणि जोतीरावांना शिडीच मोडावयाची होती.

भगिनींनो, पुढचें तुमच्याकरितां, आणि तुमच्या घरच्या पुरुषांकरितां त्याहून अधिक. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलें. सुरतेकडील एका ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली. वर्तमानपत्रवाले सगळ्या बायकांच्या नांवानें बोटें मोडूं लागले. तेव्हां या सत्यशोधक घरच्या मराठा बाईनें पुरुषजातीला उलट जाब विचारला. पुस्तकावर टीका झाली, आणि जोतीरावांनीं 'सत्सार'मध्यें त्यांची बाजू उचलून धरली. पुढें तें पुस्तक लोकांच्या स्मरणांतून गेलें, स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं तें पुन्हां उजेडांत आणलें. त्याची भाषा घरगुती आहे, सडेतोड आहे, कोठें कोठें एकच मुद्दा पुन्हां पुन्हां येतो. पण तींत एवढा दम आहे कीं वाचणारा पुरुष मान खालीं घालतो. आम्ही सभेंत समतेवर बोलतों, आणि घरीं बायकोनें पुस्तक उघडलें तर चुलीवर काय आहे असें विचारतों. ताराबाईंचा मार भटावर आहे तसाच आपल्यावरहि आहे.

त्याच्याशेजारीं ऊर्मिला पवार यांचें 'आयदान' ठेवा. तें २००३ सालीं आलें. त्या रत्नागिरी जिल्ह्यांतल्या. वडील गेल्यावर त्यांची आई बांबूचीं सुपें, टोपल्या विणून घर चालवी, त्यावरून पुस्तकाला नांव आहे. डोंगरांतल्या वाटांनीं डोक्यावर भारे घेऊन बाजाराला जाणाऱ्या बायकांचें त्यांतलें चित्र वाचतांना मला आपल्याच घाटीवरच्या बाया दिसल्या. कोंकणावर पुष्कळ लेखकांनीं लिहिलें. त्यांत समुद्र, माड, फणस, भुतेंखेतें सगळीं आहेत. टोपली विणणारी बाई बोलूं लागेपर्यंत मात्र एकविसावें शतक उजाडावें लागलें. आतां येथें सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांनाहि आपलें कोंकण समुद्रापुरतेंच दिसतें. त्यांना कोणीं पुस्तक मागितलें तर हें द्यावें.

शेवटचा मुद्दा मनुस्मृतीचा. एका तरुणानें मला विचारलें, काका, तुम्ही म्हणतां सगळीं पुस्तकें ठेवा, मग मनुस्मृतीहि ठेवणार काय? त्याला उत्तर देतों. महाबळेश्वरीं उगम पावलेली सावित्री नदी पोलादपूर-महाडवरून येऊन आपल्या गांवाशेजारीं समुद्राला मिळते. त्या महाडास २० मार्च १९२७ रोजीं बाबासाहेबांनीं चवदार तळ्याचें पाणी घेतलें, आणि त्याच वर्षीं २५ डिसेंबरला मनुस्मृति जाळली. जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्मानें ब्राह्मण होते, हें दुसऱ्या तटानें लक्षांत ठेवावें. आणि बाबासाहेबांनीं तो ग्रंथ न वाचतां जाळला नाहीं, हें दोन्ही तटांनीं लक्षांत ठेवावें. त्यांच्या पुढच्या ग्रंथांत मनूच्या वचनांचा जो कसून उलगडा आहे तो पाहिला म्हणजे कळतें कीं त्यांनीं त्यांतली ओळ न् ओळ तपासली होती. ज्याला जाळावयाचें त्यानें आधीं वाचावें. ज्याला पुजावयाचें त्यानेंहि आधीं वाचावें. मी मनुस्मृति वाचली आहे. स्त्रिया व शूद्र यांच्यासाठीं तिनें जे नियम घातले ते आजच्या मुलीला वाचून दाखवा. मनूविरुद्ध दुसरें व्याख्यान देण्याची गरज पडणार नाहीं. म्हणून तीहि कपाटांत ठेवावी, आणि तिच्यावर फूल वाहूं नये.

माणूस एका पुस्तकानें बदलतो, हें आपल्या कोंकणांतल्याच माणसाच्या उदाहरणानें सांगतां येतें. वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गांवचे कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनीं १८९८ सालीं गौतम बुद्धाचें चरित्र लिहिलें. भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हां सत्कारसभेंत केळूसकरांनीं हें पुस्तक त्यांना भेट दिलें, आणि पुढें सयाजीराव महाराजांकडून त्यांच्या शिक्षणाला मदत मिळावी म्हणून खटपटहि केली. १९५६ सालीं नागपुरांत जें झालें तें आपण सर्व जाणतों. ग्रंथ म्हणून तें चरित्र आज वाचतांना थोडें जुनाट वाटतें. पण योग्य हातीं योग्य वेळीं पुस्तक देणें ही केळूसकरांची कृति कधीं जुनी होणार नाहीं.

तेव्हां सभेपुढें माझी सूचना अशी. कपाटांत 'शिवलीलामृत' असावें आणि 'गुलामगिरी' असावी. गोडसे भटजी असावेत आणि दया पवार असावेत. लेखकाची जात पाहून एकहि पुस्तक घेऊं नये व एकहि नाकारूं नये. कपाटाची एक किल्ली बायकांच्या हातीं असावी. पुस्तक परत करतांना प्रत्येकानें एका वहींत आपलें मत चार ओळींत लिहावें, मग तें कितीहि वांकड्यातिकड्या अक्षरांत असो. आणि ज्याला लिहितां येत नाहीं त्यानें तोंडीं सांगावें, दुसऱ्यानें उतरून घ्यावें. दहा वर्षांनीं ती वही या कपाटांतलें सर्वांत मोलाचें पुस्तक होईल, कारण आपल्या गांवच्या कष्टकऱ्यानें पुस्तकाला काय उत्तर दिलें तें आजवर कोणीं लिहून ठेवलेलें नाहीं.

ही सूचना मान्य करावी किंवा खोडून काढावी, पण मुक्यानें उठून जाऊं नये, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.